संगीत नाटकाचा सिनेमा आणि आमचे बाबा

माझ्या बाबांना सिनेमात काम मिळालं ते आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये. बाबा अर्थातच तिथे नव्हते. आमच्या कॅन्टीनबद्दल त्यांचं मत असं होतं की, तिथे लोक कॉफी पितात आणि मधल्या वेळात काम करतात. हडपसरकडे तेव्हा आयटीच्या काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहात होत्या आणि खिडकीतून अजून भाजीचे मळे दिसायचे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी अमरावतीचा होता. त्याचा थोरला भाऊ सिनेमांत सहायक दिग्दर्शक. एके दुपारी डबा उघडता उघडता तो मला म्हणाला, "एका जुन्या संगीत नाटकाचा सिनेमा करून राहिले ते लोक. त्यात काम केलेला कोणी जुना माणूस पायजे म्हणे. तुझे बाबा गायचे ना?"

मी नाटकाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं, आणि मला हसू आलं. ते नाटक म्हणजे आमच्या घरातलंच एक माणूस होतं. माझे आईबाबा त्याच नाटकात भेटले.

भेटले हा शब्द तसा फार बरोबर नाही. बाबा सरकारी कचेरीत नोकरी करायचे आणि संध्याकाळी एका हौशी मंडळीत नायक व्हायचे. ते रंगमंचावर असायचे आणि आई खाली, प्रेक्षकांच्या पुढ्यातल्या खड्ड्यात, पायपेटीवर. पायपेटी म्हणजे पायांनी भाता मारायचा तो मोठा ऑर्गन. तो आईचे मामा वाजवायचे. त्यांचे गुडघे गेले तेव्हा भाचीला बसवलं. तिथून तिला वर पाहिलं की नायकाची पावलं दिसायची. बाबांची मोजडी त्यांच्या मापाची नव्हती आणि ताना घेताना उजवा अंगठा मोजडीत वरखाली व्हायचा. आई लग्नाआधीच्या दिवसांबद्दल सांगायची ते एवढंच. "चेहरा मी साखरपुड्यालाच नीट पाहिला," ती म्हणायची. बाबांना हे मुळीच आवडायचं नाही, कारण आपल्या चेहऱ्यासाठी लोक नाटकाला यायचे असा त्यांचा समज होता.

नाटकाची गोष्ट साधी. एक राजपुत्र माळ्याचा वेष घेऊन नायिकेच्या बागेत कामाला राहतो. तिच्यावर त्याचं प्रेम आहे, पण ती त्याला माळी म्हणून पसंत करते की राजपुत्र म्हणून, हे त्याला पाहायचं आहे. दुसऱ्या अंकात तो मोगऱ्याच्या वाफ्याशी उभा राहून एक पद म्हणतो. हातात झारी असते. ते पद बाबांचं. रंगलं की थांबायचंच नाही, वर प्रेक्षक वन्स मोअर द्यायचे आणि ते पुन्हा सुरू व्हायचं. आई म्हणायची, "एवढं पाणी घातल्यावर कुठलाही मोगरा कुजेल."

मी घरी जाऊन निरोप सांगितला. आम्ही कर्वेनगरला राहायचो. बाबा निवृत्त झाले होते आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर देखरेख ठेवण्यात त्यांचा बराच वेळ जायचा. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली.

"नाटकाचा सिनेमा कशासाठी? नाटक काय वाईट होतं?"

"वाईट नव्हतं, लांब होतं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मी कुठे जाणार नाही. त्यांना गरज असेल तर येतील."

ते आले. दिग्दर्शक तिशीतला, खांद्यापर्यंत केस, पायात कोल्हापुरी चपला. बाबांनी आधी केसांकडे पाहिलं आणि मग चपला पाहून जरा नरमले. त्या मुलाला नाटकातली सगळी पदं पाठ होती, त्यामुळे भांडण काढायला बाबांना थोडं थांबावं लागलं. ते त्यांनी मोगऱ्याच्या पदावर काढलं.

"सिनेमात हे पद किती वेळ असणार?"

"काका, तीन मिनिटं. जास्तीत जास्त साडेतीन."

"तीन मिनिटांत आम्ही नुसता सूर लावायचो."

"आणि उरलेल्या वेळात मागच्या रांगा चहा पिऊन यायच्या," असं म्हणत आईने पोह्यांच्या बशा ठेवल्या.

दिग्दर्शकाने आपली कल्पना सांगितली. सिनेमाची सुरुवात जुन्या नाट्यगृहात होणार. पडदा वर जातो, नायक रंगमंचावर रंगवलेल्या झाडांपुढे उभा आहे, तो पदाची पहिली ओळ घेतो, आणि दुसऱ्या ओळीला आपण एकदम खऱ्या बागेत. मग नाट्यगृह परत दिसत नाही. मला ते ऐकून छान वाटलं. बाबा म्हणाले, "म्हणजे प्रेक्षकांना तिकीट काढून बसवायचं आणि दुसऱ्या ओळीला घालवून द्यायचं." पण त्यांनी दिग्दर्शकाला आणखी पोहे घ्यायला लावले. आमच्याकडे याचा अर्थ होकार असा होतो.

बाबांना कामं दोन. पहिलं, सिनेमातल्या नायकाला नाटकातला नायक कसा उभा राहतो ते शिकवायचं. दुसरं, नाट्यगृहाच्या प्रसंगात पहिल्या रांगेत एका वृद्ध रसिकाची भूमिका. त्या रसिकाला संवादही होता. नायकाची ओळ झाली की त्याने म्हणायचं, "वन्स मोअर."

या दोन शब्दांनी आमचं घर काही आठवडे व्यापलं. बाबा दाढी करताना वन्स मोअर म्हणायचे, देवपूजा आटोपल्यावर म्हणायचे. एक धीरगंभीर होता, एक गदगदलेला, एक थोडा उपरोधिक. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आईला विचारलं, "यांना वाढायला उशीर होतो का हल्ली? सारखं मागून घेतात." मी रात्रपाळीच्या लोकांकडून आलेल्या मेल वाचत सकाळी चहा पीत असायचे. बाबा समोर येऊन उभे राहायचे आणि दोन तऱ्हांनी म्हणून दाखवायचे. "यातला कुठला?" मी म्हणायचे, पहिला. ते म्हणायचे, "तुला यातलं काही कळत नाही," आणि दुसरा पक्का करायचे.

नायक शिकायला घरी आला तेव्हा सोसायटीतल्या बऱ्याच जणांना आमच्याकडून साखर किंवा विरजण हवं झालं. मुलगा उंच, व्यायामाचं शरीर, वागायला अतिशय नम्र. बाबांनी त्याला दिवाणखान्यातलं टेबल सरकवून मधोमध उभं केलं. डावा हात कमरेवर, उजवा पुढे, हनुवटी जरा वर. प्रेम व्यक्त करताना नायिकेकडे बघायचं नाही, प्रेक्षकांकडे बघायचं.

"पण सर, मी तिच्याशी बोलतोय ना?"

"बोलत नाही, गाताय. ती ऐकतेच आहे, जाणार कुठे? तिला पुढचा संवाद आहे."

मुलाने मान डोलावली. मग बाबांनी त्याला पद म्हणायला सांगितलं. तो ओशाळला. गाणं मुंबईत आधीच रेकॉर्ड झालं होतं, दुसऱ्याच्या आवाजात. हा फक्त ओठ हलवणार होता. बाबांना हे तत्त्वतः माहीत होतं. सिनेमे त्यांनीही पाहिले होते. पण समोर एक धडधाकट नायक उभा आहे आणि त्याला गायचंच नाही, हे त्यांना पहिल्यांदाच जवळून दिसत होतं.

"मग श्वास कुठे घेता तुम्ही?"

मुलगा विचारात पडला. "लागेल तसा घेतो, सर."

"असं नाही चालायचं. ज्याने गायलंय त्याने जिथे घेतलाय तिथेच घ्या. नाहीतर गळा एकाचा आणि छाती भलत्याचीच दिसेल."

मुलाने खिशातून छोटा टेपरेकॉर्डर काढला आणि दोघं जमिनीवर बसून ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकायला लागले. प्रत्येक श्वासाला बाबा बोट वर करायचे. चार-पाच दिवस तो येत राहिला. शेवटच्या दिवशी त्याने सबंध गाणं नुसत्या ओठांनी म्हणून दाखवलं, आणि मला खरंच वाटलं की आवाज त्याच्यातूनच येतोय. बाबांनाही वाटलं असावं. तो गेल्यावर ते म्हणाले, "मुलगा चांगला आहे. गायला असता तर अजून चांगला झाला असता."

शूटिंग शनिवार पेठेजवळच्या एका जुन्या सभागृहात होतं. मी रजा टाकली. मॅनेजरला कारण सांगितलं तेव्हा तो म्हणाला की, एवढं नवीन कारण आजवर कुणी दिलेलं नाही. आई बरोबर आली ती डबा घेऊन, कारण सिनेमावाल्यांच्या जेवणावर बाबांचा विश्वास नव्हता. बाबांना काळा कोट, उपरणं आणि काळी टोपी देऊन पहिल्या रांगेत बसवलं. बाकीचे प्रेक्षक भाड्याने आणलेले होते आणि त्यातला एक जण पेंगत होता. त्याला जागं ठेवण्याची जबाबदारी बाबांनी आपणहून घेतली.

रंगमंचाखाली वाद्यांची जागा सजवली होती. कुठूनशी जुनी पायपेटी आणली होती आणि तिच्यामागे नऊवारी नेसलेली एक मुलगी बसवली होती. ती बिचारी सकाळपासून उजेडात बसून थकली होती. आई आणि मी बाजूच्या खुर्च्यांवर होतो. गाणं मोठ्या स्पीकरवर सुरू झालं, नायकाने ओठ हलवले, कॅमेरा सरकला. मग थांबवलं, पुन्हा सुरू केलं. असं बराच वेळ चाललं. मी कंटाळून आईकडे पाहिलं तर तिच्या मांडीवर जेवणाचा डबा होता आणि त्याच्या झाकणावर तिची बोटं चालली होती. खाली साडीच्या काठाशी पावलंही हलत होती, आळीपाळीने, भाता मारल्यासारखी. तिला त्याचा पत्ता नव्हता. ती वर रंगमंचाकडे बघत होती.

मला दिसलं तसं कॅमेरामनलाही दिसलं. तो दिग्दर्शकाच्या कानाशी काही बोलला. दिग्दर्शक आमच्याकडे आला आणि आईसमोर उकिडवा बसला.

"काकू, तुम्ही वाजवायचात का?"

"फार पूर्वी."

"आता बसाल?"

आईने बाबांकडे बोट दाखवलं. "त्यांना विचारा. सिनेमात ते आहेत."

बाबांनी पहिल्या रांगेतून मान वळवली. "तिला कॅमेऱ्याची सवय नाही," ते म्हणाले. त्यांना त्या दिवशी सकाळपासून होती.

आईने डबा माझ्या हातात दिला आणि उठली. दमलेल्या मुलीने आनंदाने जागा दिली. कपडेपटाच्या बाईंनी आईला नऊवारी नेसवली, केसांना काळा रंग फासला. मग कॅमेरामन म्हणाला की चेहरा घेणारच नाही, फक्त हात, तेव्हा आई म्हणाली, "मग एवढं नटवलंत कशाला?" पेटीच्या काही पट्ट्या वाजत नव्हत्या आणि वाजल्या असत्या तरी आवाज घेतला जाणार नव्हता. तिला त्याचं काही नव्हतं. पाय भात्यावर ठेवून तिने अंदाज घेतला, आणि स्पीकरवर गाणं सुरू झालं तशी ती वाजवायला लागली. सभागृहातली कुजबुज हळूहळू थांबली. एकाच टेकमध्ये काम झालं.

त्यानंतर बाबांचा वन्स मोअर. तो एका टेकमध्ये झाला नाही. आधी तो इतका दणदणीत झाला की पेंगणारा माणूस दचकून उभा राहिला. दिग्दर्शक म्हणाला, "काका, थोडं कमी." बाबांनी गदगदलेला दिला. "अजून थोडं कमी." बाबांनी विचारलं, "म्हणजे मला पद आवडलं की नाही आवडलं, ते एकदा सांगा." शेवटी एक साधा, जवळजवळ स्वतःशी म्हटल्यासारखा वन्स मोअर झाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना बाबा गाडीत म्हणाले, "माझा शॉट अवघड होता. तुझ्या आईचं बरं, नुसतं वाजवायचं."

सिनेमा लागायला बरेच महिने गेले. नवीनच झालेल्या एका मल्टिप्लेक्समध्ये लागला. बाबांनी सोसायटीतल्या मंडळींना घेऊन जायचं ठरवलं. सरकत्या जिन्यावर त्यांनी आधी एक पाऊल ठेवलं, मग काढलं आणि मग "नाटकाला असले जिने लागत नाहीत" असं म्हणून साध्या जिन्याने चढले. बाल्कनी नाही हे ऐकून त्यांना वाईट वाटलं. पॉपकॉर्नचा डबा पाहून आईने विचारलं, "एवढा कुणासाठी?" मी म्हटलं, एकाच माणसासाठी. तिने तो निम्म्या रांगेला पुरवला.

अंधार झाला. पडदा वर गेला, म्हणजे सिनेमातला पडदा. रंगवलेली झाडं, नायक, हातात झारी. आणि मग सबंध पडदाभर आईचे हात आले. एवढे मोठे हात मी कधी पाहिले नव्हते. नखाजवळचा सुरीचा जुना व्रणसुद्धा दिसत होता. उजवा हात सुरावटीबरोबर चालला होता. आवाज वरच्या षड्जाकडे चढायच्या जरा आधी डावा हात उजव्यावरून पलीकडे गेला, टोकाची एक पट्टी दाबून धरली, आणि आवाज तिथे पोचल्यावर हलकेच परत आला. मग कॅमेरा वर सरकला, कडेला एका काळ्या टोपीचा तुकडा दिसला न दिसला, आणि दुसऱ्या ओळीला आम्ही खऱ्या बागेत होतो.

वन्स मोअर आलाच नाही. बागेत नायिका होती, ओला मोगरा होता, नायक बाबांनी दाखवल्या जागी श्वास घेत होता आणि तिच्याकडेच बघत होता, प्रेक्षकांकडे नाही. फार सुंदर दिसत होतं ते. मी बाबांकडे बघायचं टाळलं.

मध्यंतरात दिवे लागले. खालच्या मजल्यावरच्या बाई वाकून म्हणाल्या, "टोपी छान दिसली हो तुमची." बाबांनी आभार मानले. ते टोपीचा विचारच करत नव्हते. ते आईकडे वळले.

"तो डावा हात कशाला नेलास पलीकडे?"

"कुठला?"

"वरच्या षड्जाआधी. मूळ वाजवण्यात ते नाही. तुझे मामा नाही करायचे."

आई पॉपकॉर्नचा डबा घडी करायचा प्रयत्न करत होती. "सवय," ती म्हणाली.

"कसली सवय?"

"तुम्ही तिथे जरा खाली राहायचात. आधी सूर कानावर पडला की बरोबर लागायचा."

"मी? कधी?"

"नेहमी."

मी सरबत आणायच्या निमित्ताने उठणार होते, पण मला ऐकायचंही होतं. ज्या सुरावर बाबांना वन्स मोअर मिळायचा तो हाच सूर होता. त्यांच्या बोलण्यात तो आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"मी कुठे सांगितलं. सिनेमात दाखवलं त्यांनी."

दिवे मालवले. उरलेल्या सिनेमात बाबांनी एकही टीका केली नाही. सोसायटीच्या मंडळींना काळजी वाटली.

पुढचे काही दिवस ते टाकीवरही गेले नाहीत. त्यांना राग आला होता असं नाही. ते हिशेब लावत असावेत, कुठल्या प्रयोगाला कुठला सूर कसा लागला होता त्याचा. खाली खड्ड्यात काय चाललंय हे वरून गाणाऱ्याला दिसत नाही. तो समोर अंधारात बघत असतो. आईने त्यांची काही समजूत घातली नाही. ती नेहमीसारखी म्हणाली, "जेवायला बसा," आणि त्यांना आवडते म्हणून भरली वांगी केली.

रविवारी सकाळी मी कॉम्प्युटर लावून बसले होते. बाबांनी कपाटावरची हाताची पेटी खाली काढली, पुसली आणि आईपुढे ठेवली.

"वाजव. पण मदत करायची नाही."

"बघा हं."

"बघतो."

आईने स्वर धरला. बाबा उभे राहिले, डावा हात कमरेवर. वय झालं होतं, आवाज कापत होता, पण पहिले सूर अजून खूप गोड होते. मी हातातलं काम सोडलं. वरच्या षड्जाकडे जाताना आईने भाता भरून घेतला आणि डावा हात मुद्दाम मांडीवर ठेवला. बाबा चढले आणि अगदी जवळ जाऊन, केसभर खाली थांबले.

त्यांनी डोळे उघडले. "लागला?"

"नाही," आई म्हणाली.

"तुला काय वाटलं?" त्यांनी मला विचारलं.

"मला यातलं काही कळत नाही, बाबा."

"तेही खरंच." ते खुर्चीत बसले, पाणी प्याले. मग म्हणाले, "बरं. आता नेहमीसारखं वाजव."

तिने वाजवलं. भाता सोडून डावा हात पलीकडे गेला, बाबांचा सूर चढला आणि अचूक लागला. ते तिथे बराच वेळ थांबले, आणि कुकरच्या शिट्टीकडेही त्यांनी लक्ष दिलं नाही.

पुढे तो सिनेमा टीव्हीवर सुट्टीच्या दिवशी दाखवायला लागले. पाहुणे असले की बाबा आवाज मोठा करायचे. टोपीकडे ते बोट दाखवत नसत. आईचे हात आले की सगळ्यांना गप्प करून म्हणायचे, "आता डावा हात बघा. तो माझ्यासाठी आहे." आई तेवढ्यात काहीतरी गॅसवर आहे म्हणून आत निघून जायची, आणि गॅसवर काहीही नसायचं.